मावळ्याच्या अंगाचा रंग

दिवाळीची सुट्टी लागली की कोल्हापुरात गल्लोगल्ली किल्ले उभे राहू लागतात. दगडविटांचा ढीग, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप, त्यात पेरलेल्या हळिवाची किंवा मोहरीची हिरवळ. आणि मग कुंभार गल्लीतून किंवा बाजारातून आणलेली चित्रे. सिंहासनावर महाराज, दाराशी भालदार, बुरुजावर मावळे, पायथ्याच्या गावात धनगर, भाजीवाली, औत धरलेला शेतकरी. कोल्हापूरचाच किल्ला असल्यामुळे लाल मातीच्या आखाड्यात भिडलेले दोन पहिलवानही लागतातच.

ही चित्रे आता बहुधा रंगवूनच मिळतात. तरी शाडूची कोरी चित्रे आणून घरी रंगवण्याची हौस असलेली मुले अजून आहेत. अंगरखा, पागोटे, ढाल, तलवार यांचे रंग पटकन जमतात. घोडे पेंड खाते ते चेहऱ्याशी आणि हातापायांशी. पेटीतल्या 'स्किन कलर' नावाच्या फिकट गुलाबी रंगाने चेहरा रंगवला, की सह्याद्रीच्या कड्यांवर उन्हातान्हात वावरलेला मावळा दुकानातल्या बाहुलीसारखा दिसू लागतो. ते टाळण्यासाठी पिवळ्या-गुलाबी मिश्रणात काळा घालावा, तर चेहरा मळकट आणि हिरवट होतो. असे का व्हावे? प्रश्न चित्रकलेचा वाटतो खरा, पण त्याचे निम्म्याहून अधिक उत्तर प्रकाशशास्त्रात आहे.

ही अडचण फक्त आपल्याच मुलांची नाही, बरे का. युरोप-अमेरिकेत टेबलावर मांडायच्या लढायांसाठी धातूचे आणि प्लॅस्टिकचे सैनिक रंगवणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. विज्ञानकथालेखक एच. जी. वेल्स यांनी तर १९१३ साली अशा खेळाच्या नियमांचे 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तकच लिहिले. आज त्या छंदातला सैनिक बहुधा अडीच-तीन सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे आपल्या मावळ्याच्या निम्म्याहूनही लहान असतो. त्याचा चेहरा हरभऱ्याच्या डाळीहून मोठा नसतो.

आत जाऊन परत आलेला प्रकाश

प्रथम आपल्या स्वतःच्या कातडीकडे पाहू. रात्री खोलीतले दिवे घालवा, विजेरी लावा आणि तिच्या काचेवर बोटे घट्ट टेकवा. बोटांच्या कडा निखाऱ्यासारख्या लाल दिसतील. विजेरीचा प्रकाश पांढरा आहे. त्यातला हिरवा व निळा भाग बोटाने गिळला आणि तांबडा तेवढा मांसातून वाट काढत बाहेर आला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: त्वचा ही भिंतीसारखी अपारदर्शक नसून अर्धपारदर्शक आहे.

त्वचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा चारच्या आसपास भाग पृष्ठभागावरूनच परततो. त्याला त्वचेचा रंग लागलेलाच नसतो. दिवा पांढरा असेल तर तोही पांढराच. नाकाच्या शेंड्यावरची चकाकी ती हीच. उरलेला शेकडा शहाण्णव भाग आत शिरतो. आत पेशी आणि तंतू यांवर आदळून तो इकडेतिकडे विखुरतो, म्हणजेच त्याचे विकिरण होते. वाटेत काही भाग शोषला जातो आणि बाकीचा केव्हातरी पुन्हा बाहेर पडतो. आपण ज्याला अंगाचा रंग म्हणतो, तो या आत जाऊन परत आलेल्या प्रकाशाचा रंग होय.

आतमध्ये प्रकाश शोषणारी मुख्य द्रव्ये दोनच. वरच्या पातळ थरात, बाह्यत्वचेत, मेलॅनिन असते. हा थर बहुतेक ठिकाणी एक दशांश मिलिमीटरइतकाच किंवा त्याहून पातळ आहे. मेलॅनिन सर्वच रंग शोषते, पण जांभळ्या-निळ्याकडे जास्त आणि तांबड्याकडे कमी. त्याखालच्या अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या असतात आणि त्यांत हीमोग्लोबिन. प्राणवायूयुक्त हीमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जवळ फार जोराने प्रकाश शोषते. ५४२ व ५७७ नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या-पिवळ्यात, त्याची आणखी दोन शिखरे आहेत. ६०० च्या पुढे, तांबड्यात, त्याचे शोषण एकदम घसरते.

या दोन द्रव्यांची फारकत घरी करून पाहता येते. काचेचा स्वच्छ पेला मनगटाच्या आतल्या बाजूवर घट्ट दाबा आणि काचेतून पाहा. रक्त बाजूला सरते आणि तेवढी जागा पिवळसर दिसते. तो मेलॅनिनचा आणि रक्तहीन त्वचेचा रंग. पेला उचलला की दोन-तीन सेकंदांत लाली परत येते. ती हीमोग्लोबिनची.

आता या दोन्ही परिणामांची बेरीज करा. त्वचेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा आलेख काढला, तर तो निळ्या टोकाला खाली असतो आणि तांबड्याकडे चढत जातो. हा चढ गोऱ्या माणसाच्या त्वचेत असतो तसाच काळ्या माणसाच्याही त्वचेत असतो. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात तयार केलेला 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला, त्या मूकपटांच्या काळातल्या प्रचलित फिल्मला तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. त्वचेवरून येणारा मुख्य भाग नेमका तोच! त्यामुळे त्या फिल्मवर चेहरे होते त्याहून काळवंडलेले उमटत आणि लालचुटुक ओठ तर काळेच दिसत. जगभरच्या नटांना तोंडाला फिकट रंगाचे थर फासावे लागत, त्याचे एक मोठे कारण हे होते.

एकच रंग, अनेक माणसे

तांबडा भरपूर, पिवळा बराच, हिरवा थोडा, निळा अगदी कमी: असा प्रकाश डोळ्यात आला तर कोणता रंग दिसेल? नारिंगी. पण सावळ्या माणसाला आपण नारिंगी म्हणत नाही, तपकिरी म्हणतो. यातली गंमत अशी, की तपकिरी हा वर्णपटात नाहीच. इंद्रधनुष्यात तो तुम्हाला कधीच सापडणार नाही. आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा मंद असलेल्या नारिंगीलाच आपला मेंदू तपकिरी ठरवतो. काळ्या कागदाची नळी करा, एक डोळा मिटा आणि उन्हात ठेवलेल्या तपकिरी पुठ्ठ्याकडे नळीतून असे पाहा, की पुठ्ठ्याखेरीज दुसरे काही दिसू नये. थोड्या वेळाने तो नारिंगीकडे झुकलेला वाटू लागेल.

म्हणजे जगातल्या सगळ्या माणसांची त्वचा नारिंगीच्या एकाच कुटुंबातली आहे. काहींची फिकट, काहींची गडद. कोणात पिवळ्याची झाक जरा जास्त, कोणात तांबड्याची. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्याही सर्व मानवांत साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात आणि त्याचे कण केवढे असतात, यात. उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याच्या दंडावर बंडीच्या बाहीची रेघ उठलेली असते. रेघेच्या वर एक छटा, खाली दुसरी, माणूस एकच.

हे ध्यानात घेतले म्हणजे पेटीतल्या त्या गुलाबी रंगाला 'स्किन कलर' म्हणणे किती चमत्कारिक आहे ते कळते. कोणाची स्किन? अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने आपल्या खडूंच्या पेटीतले 'फ्लेश', म्हणजे मांसवर्ण, हे नाव १९६२ सालीच काढून टाकले आणि त्या खडूला 'पीच' या फळाचे नाव दिले. आपल्याकडच्या वर्गांत मात्र मुले अजून एकमेकांकडे 'स्किन कलर दे रे' म्हणून तोच गुलाबी खडू मागतात, आणि मागणाऱ्याचा हात त्या खडूहून चांगला चार छटांनी गडद असतो. आपली भाषा पेटीपेक्षा श्रीमंत आहे. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा असे शब्द तिच्यात आहेत. लग्नाच्या जाहिराती त्यांतल्या पहिल्या दोन-तीन शब्दांपुढे जात नाहीत, तो भाग वेगळा. किल्ल्यावरही तेच दिसते: आपले सगळे सैनिक गुलाबी आणि शत्रूचे तेवढे काळेकुट्ट. इतिहासात याला आधार नाही, शरीरशास्त्रात तर नाहीच. त्याच डोंगरांत, त्याच उन्हात दोन्ही बाजूंची माणसे लढत होती.

त्वचेच्या छटांचे मोजमाप करण्याचा प्रयत्न पूर्वी शास्त्रज्ञांनीही केला. फेलिक्स फॉन लुशान या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाने त्यासाठी रंगीत अपारदर्शक काचेच्या ३६ तुकड्यांचा संच बनवला. तुकडा त्वचेशेजारी धरायचा आणि जुळतो का पाहायचे. पण एकाच माणसाचा क्रमांक दोन निरीक्षक वेगवेगळा सांगत. पुढे परावर्तित प्रकाश मोजणारी उपकरणे आली आणि हे तुकडे मागे पडले. अपारदर्शक काच आणि अर्धपारदर्शक त्वचा यांची जुळणी डोळ्यांनी करणे मुळातच अवघड. आपल्या मावळ्याचेही दुखणे तेच आहे, कारण आपला पोस्टर कलरही अपारदर्शक असतो.

गेरू, पिवडी आणि नीळ

आता रंग मिसळू. रंगद्रव्यांच्या मिश्रणात प्रत्येक द्रव्य आपापला वाटा शोषून घेते, म्हणून मिश्रणात शेवटी उरते काय हे पाहायचे असते. आपल्याला हवा तो आलेख निळ्याकडे खाली, तांबड्याकडे वर. असा आलेख देणारी स्वस्त द्रव्ये आपल्या घरादारांत पूर्वापार आहेत: गेरू आणि पिवडी. दोन्ही लोहाची संयुगे. गेरूत लोहाचे ऑक्साइड असते. पिवडीत त्याचे पाणीधारी रूप असते, आणि पिवडी तापवली की पाणी जाऊन ती तांबडी होते. रक्तातही लोह आहेच, म्हणून काही जण गेरूचा आणि रक्ताचा रंग एकच समजतात. तसे नाही. हीमोग्लोबिनचा रंग लोहाभोवती असलेल्या मोठ्या कार्बनी कड्यामुळे येतो. पण आलेखाचा चढ दोन्हीकडे एकाच बाजूला आहे आणि आपल्या कामाला तेवढे पुरते.

पिवडी दोन भाग आणि गेरू एक भाग घेऊन सुरुवात करा. पोस्टर कलर वापरत असाल तर हेच 'यलो ऑकर' आणि 'बर्न्ट सिएना'. फिकट करायला पांढरा लागेल, पण जपून. पांढरा सगळ्याच तरंगलांबी सारख्या परतवतो, त्यामुळे निळे टोकही वर उचलले जाते आणि रंग खडूसारखा थंड, गुलाबी पडतो. म्हणून पांढऱ्याबरोबर पिवडीचाही एक थेंब वाढवावा. गडद करायला काळा घेऊ नये. काजळी आणि पिवळा यांच्या मिश्रणाला हिरवट झाक येते, मघाच्या मळकट चेहऱ्याचे कारण ते. त्याऐवजी गेरू वाढवावा आणि त्यात किंचित नीळ घालावी. नारिंगीचा प्रतिपूरक रंग निळा. तो अगदी थोडा घातला की नारिंगी मंद होतो आणि मंद नारिंगी म्हणजे तपकिरी हे आपण पाहिलेच.

मिश्रण ओले असताना पारखू नका. ओल्या रंगात कणांमधल्या फटींत पाणी असते. ते वाळून तिथे हवा आली की विकिरण वाढते आणि रंग फिकटतो. पावसाने भिजलेली माती गडद दिसते ती याच कारणाने. एका खापरीवर ठिपका देऊन तो वाळू द्या आणि स्वतःच्या मनगटाशेजारी धरा. मावळ्यासाठी याहून चांगला नमुना कोठे शोधणार?

लहान माणसाची अडचण

समजा, मावळा ७ सेंटिमीटर उंच आहे आणि खरा माणूस १६८ सेंटिमीटर. प्रमाण झाले १:२४. किल्ल्याशी वाकून आपण मावळ्याला अर्ध्या मीटरवरून पाहतो. तो डोळ्याशी जेवढा कोन करतो, तेवढाच कोन खरा माणूस १२ मीटरवर उभा असताना करील. आता आपल्या मित्राला १२ मीटरवर उभे करा आणि त्याच्या चेहऱ्यात काय दिसते ते प्रामाणिकपणे लिहून काढा. निकोप डोळ्याला साधारण एका मिनिटाच्या कोनाइतके बारकावे वेगळे दिसतात. १२ मीटरवर याचा अर्थ साडेतीन मिलिमीटर. पापणीचा केस दिसणार नाही. डोळ्याची उघडीप सुमारे एक सेंटिमीटर, म्हणजे तीन मिनिटांच्या आतबाहेर. एवढ्यात एक गडद आडवी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना उजळपणाचा भास, इतकेच जाणवते. बाजारच्या चित्रांत मात्र पांढऱ्याशुभ्र वाटोळ्यात काळा टिपका असतो आणि म्हणूनच सगळे सैन्य दचकल्यासारखे दिसते. पांढऱ्यात तपकिरीचा थेंब मिसळा, वरच्या पापणीची गडद रेघ ओढा, बाहुली त्या रेघेला चिकटलेली ठेवा.

रंगाच्या जाडीलाही हेच गणित लागू आहे. एक दशांश मिलिमीटर जाडीचे तीन हात दिले तर थर झाला ०.३ मिलिमीटरचा. खऱ्या माणसाच्या मापाने तो सात मिलिमीटरांहून जाड मुखवटा होतो! नाक, ओठ, बोटांच्या फटी त्यात बुजून जातात. रंग पातळच हवा.

काही गोष्टी मात्र मूर्तीबरोबर लहान होत नाहीत. तांबडा प्रकाश मांसात काही मिलिमीटर शिरतो. खऱ्या चेहऱ्याच्या मानाने हे अंतर थोडे असल्यामुळे त्याचा परिणाम कानाची पाळी, नाकपुडीची कड, सावलीचा काठ अशा ठिकाणीच दिसतो. पण त्वचेसारखाच अर्धपारदर्शक पदार्थ, उदाहरणार्थ मेण, घेऊन त्याचा सात सेंटिमीटरचा मावळा केला, तर तेवढेच अंतर निम्मा चेहरा व्यापील. प्रकाश नाकाच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघेल, सावल्या भरून जातील, आणि मेणाचा चेहरा विरघळल्यासारखा दिसेल. फिकट प्लॅस्टिकच्या न रंगवलेल्या सैनिकांची नाके-डोळे नीट कळत नाहीत, त्यात याचाही भाग आहे. म्हणून लहान मूर्तीला आधी अपारदर्शक अस्तर द्यायचे, आणि प्रकाशाने आत जाऊन जे केले असते ते वरून रंगाने करायचे.

कुंभाराच्या साच्यातून निघालेला चेहरा उथळ असतो आणि घरात प्रकाश चहूकडून येतो. त्यामुळे सावल्याही आपणच घालाव्या लागतात. अंगाचा मूळ रंग वाळला की गेरूत नीळ मिसळून त्याचे पाण्यासारखे पातळ पाणी चेहऱ्यावर फिरवावे. केशाकर्षणाने ते आपोआप भुवयांखाली, नाकाच्या बाजूंना, बोटांच्या फटींत जाऊन बसते. हे काम निसर्ग करतो, आपण फक्त उंचवट्यांवरचा जास्तीचा ओघळ टिपून घ्यायचा. मग मूळ रंगात थोडी पिवडी-पांढरी घालून कपाळ, नाकाचा दांडा, गालाची हाडे, खांदे, गुडघे एवढेच उजळावेत. सर्वांत शेवटी गेरूत लाल मिसळून त्याचा अगदी पातळ हात कान, नाकाचा शेंडा, खालचा ओठ आणि बोटांची पेरे यांवर द्यावा, कारण तिथली लाली डोळ्यांना ओळखीची असते. दाढी केलेल्या हनुवटीवर निळसर करडी झाक चालेल: त्वचेखालची काळी खुंटे निळसर दिसतात. तळहात व तळपाय सावळ्या माणसाचेही फिकट असतात, तिथे मेलॅनिन कमी. पहिलवानाच्या अंगावर ही सगळी उजळणी होऊन जाते, कारण लंगोट सोडला तर तो सगळा त्वचाच आहे. त्याला शेवटी आखाड्यातली लाल माती लावायला विसरू नका.

थरावर थर देऊन त्वचा साधण्याची ही युक्ती फार जुनी. इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने १४०० सालच्या सुमारास लिहिलेल्या पुस्तकात चेहऱ्याखाली आधी हिरव्या मातीचा हात द्यायला सांगितले आहे. त्यावरचा गुलाबी थर पातळ असल्याने खालचा हिरवा किंचित डोकावतो आणि सावलीतली त्वचा जिवंत वाटते. त्या काळच्या ज्या चित्रांवरचा गुलाबी झिजून गेला, त्यांतले संत आज हिरवे दिसतात.

गडद वर्ण रंगवताना एक विशेष लक्षात ठेवा. आतून परतणारा प्रकाश कमी झाला तरी पृष्ठभागावरची ती शेकडा चार चकाकी कायम राहते. म्हणून काळ्यासावळ्या चेहऱ्यावर ती अधिक उठून दिसते. तिथे फिकट तपकिरी थापण्याऐवजी आभाळाच्या रंगाची, किंचित निळसर, बारीक रेघ नाकावर आणि गालावर द्यावी. याउलट संपूर्ण मूर्तीला तकतकीत वार्निश देणे टाळावे. चकचकीत गोल डोक्यावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते आणि मावळा लोणच्याच्या बरणीसारखा चमकतो.

राहिला दिवा. कणेरीच्या सिद्धगिरी संग्रहालयातले माणसाएवढे पुतळे उन्हात आणि सावलीत पाहिलेत, तर तोच रंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचा दिसेल. दिवे खरे रंग दाखवतात की नाही हे तपासण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ठरवलेल्या १४ नमुन्यांत त्वचेचा म्हणून एक नमुना आहे. तोही फिकट पिवळसर गुलाबी. जपानने आपल्या मानकात आशियाई त्वचेचा पंधरावा नमुना जोडला. स्वस्त एलईडी दिव्यांत गडद तांबडा पुष्कळदा अपुरा असतो, आणि त्वचेचे तर सारे काम तांबड्यावर. तेव्हा रंग दिवसा खिडकीशी बसून जुळवावा. संध्याकाळी तटावर पणत्या लागल्या की उलटा प्रकार होतो. पणतीच्या प्रकाशात निळा नावालाच असतो, तांबडा-पिवळा भरपूर. त्या उजेडात गेरूची लाली आणखी चढते, हनुवटीवरची निळसर झाक पार लोपते, आणि दुपारी जरा जास्तच करडा वाटलेला पहारेकरी ऐन रंगात येतो. किल्ला रात्रीच पाहायला लोक येणार असतील तर शेवटचा लाल हात द्यायच्या आधी एक पणती लावून पाहा.